नमुना एक, माल दुसराच

फ्रीज ड्राइड जेवणाची पाकिटं घ्यावीत का, असं आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधली नवी मुलं मला हल्ली विचारतात. घ्यावीत. वस्तू चांगली आहे. फक्त विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नयेत. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो आणि तेव्हा 'तुम्ही फार शंका काढता' म्हणून हसणारे आता त्याच शंका स्वतःच्या नावावर सांगत फिरतात. असो.

आमचा बेत उन्हाळ्यात हिमालयात जायचा होता, आणि तोही आपलं सामान आपणच वाहून. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही, आणि कुकर पाठीवर कोण नेणार? फ्रीज ड्राइड जेवण आधीच शिजवलेलं असतं. ते गोठवून निर्वात यंत्रात ठेवतात, तिथे बर्फाची पाणी न होता थेट वाफ होते. तुकड्याचा आकार तसाच राहतो, आत बारीक छिद्रं राहतात, आणि वरून गरम पाणी ओतलं की ते सरळ आत शिरतं. गरम हवेत वाळवलेल्या भाजीचं तसं नसतं. ती आक्रसते, वरून कडक होते आणि पुन्हा मऊ व्हायला वेळ आणि गॅस दोन्ही खाते. पहिल्या प्रकाराला यंत्र दिवसभराहून जास्त चालवावं लागतं, म्हणून तो महाग. दुसरा स्वस्त. सगळी गोम या दोन किमतींच्या फरकात आहे.

मी नमुना मागवला होता, हे ठासून सांगतो, कारण नंतर ग्रुपमध्ये 'न बघताच घेतलं' अशी कुजबुज झाली. राजमा-भाताचं पाकीट आलं, घरी ओट्यावर केलं. दहा मिनिटांत राजमा बोटाने चेपला जात होता. मग मोठी ऑर्डर गेली. त्यात आमच्या सोसायटीच्या सचिवांनी आणखी भर घातली, कारण विक्रेत्याच्या पत्रकावर 'ट्रेकसाठी आणि आपत्कालीन साठ्यासाठी' असं छापलं होतं आणि सोसायटीत आपत्कालीन कपाट असावं हे त्यांचं जुनं स्वप्न होतं.

हिमालयाआधी सह्याद्रीत चाचणी घ्यायची, हेही मीच ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये रतनगड ते हरिश्चंद्रगड असा आमचा ट्रेक होता. कात्राबाईची खिंड उतरून कुमशेतला मुक्काम. अंधार पडत आला होता, सगळे भुकेलेले. पाणी खळखळून उकळलं, पाकिटात खुणेच्या रेघेपर्यंत ओतलं, तोंड दाबून बंद केलं. दहा मिनिटं झाली. उघडलं तर वर पिवळसर पाणी आणि तळाशी खडे. राजम्याचा एक दाणा मी दाताखाली धरला, तो सरकून बाजूला गेला. परत पाकिटाचं तोंड बंद केलं, परत पंधरा मिनिटं. आमच्यातल्या एकाने सरळ सगळं पातेल्यात ओतून शिजवायला घेतलं आणि गॅसचा डबा संपत आला तरी वाटाणा टचटचीतच.

मी तोवर टॉर्च लावून दुसरं, न उघडलेलं पाकीट हातात घेतलं होतं. ते हलवलं. आतून खुळखुळ आवाज आला. घरी आलेल्या नमुन्याचा आवाज हलका, सळसळीत होता, हे मला तिथे लख्ख आठवलं. फोडून हातावर घेतलं. फ्रीज ड्राइड वाटाणा ताज्या वाटाण्याएवढाच मोठा आणि हाताला वजन लागत नाही असा असतो, दोन बोटांत धरला की त्याचा भुगा होतो. हे वाटाणे मिऱ्याएवढे, सुरकुतलेले आणि नखाला न दबणारे होते. गाजराचे तुकडे काचेसारखे आरपार. मग मागचं लेबल वाचलं. पुढे मोठ्या अक्षरांत 'फ्रीज ड्राइड', मागे घटकांच्या यादीत मुंगीच्या अक्षरांत 'डिहायड्रेटेड वाटाणा, डिहायड्रेटेड गाजर, डिहायड्रेटेड राजमा'. नमुन्याच्या पाकिटावर ही यादी नव्हती. त्यावर नुसतं स्टिकर होतं, आणि 'लेबलची छपाई चालू आहे' असं त्यांनी सांगितलं होतं.

त्या रात्री गावातल्या एका घरातल्या माउलीने पिठलं-भाकरी करून घातली. खरं तर सह्याद्रीत या पाकिटांची गरजच नसते. कुमशेत असो, पाचनई असो, चुलीवरचं मिळतं आणि चार पैसे गावात राहतात.

विक्रेत्याला रेंज आल्या आल्या फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, उंचीवर जास्त वेळ लागतो." उंची! हरिश्चंद्रगडाचा माथा १,४२२ मीटर, तिथेसुद्धा पाणी ९५ अंशांना उकळतं, आणि आम्ही तर गडाच्या खाली गावात होतो. मी हे लिहिल्यावर दोन निळ्या खुणा आणि शांतता. मग "आमचे टेक्निकल हेड बोलतील." टेक्निकल हेडचा आवाज पहिल्याच माणसाचा होता. तो म्हणाला, "डिहायड्रेटेड आणि फ्रीज ड्राइड एकच, नाव वेगळं." मग पैसे का वेगळे घेतलेत, असं विचारलं तर म्हणाला, "तुम्ही घाऊक घेतलंत, तुम्ही ग्राहकात बसतच नाही." इतकी वर्षं मी नोकरी केली, भले-बुरे पुरवठादार पाहिले, पण खोटं बोलताना इतका निवांत माणूस पाहिला नव्हता.

ग्राहकात आम्ही बसतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारासाठी घेतलेला माल वगळलाय, स्वतःच्या खाण्यासाठी मिळून घेतलेला नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आम्हाला सोलापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तक्रारीचा क्रमांक घ्या. मात्र ऑर्डर कोणाच्या तरी एकाच्या नावावर आणि बिल पक्कं असू द्या. आमच्यात पैसे तिघांनी वेगवेगळे पाठवले होते, त्याचा त्या माणसाने पुरेपूर फायदा घेतला.

आता निवडायचं कसं. घटकांची यादी आधी, चित्र नंतर. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, तेव्हा 'पनीर' म्हणणाऱ्या पाकिटात पनीर कुठल्या क्रमांकावर आहे ते बघा. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. कोरडं वजन आणि पाणी किती घालायचं हे दोन्ही लिहिलेलं हवं, नुसतं 'दोघांना पुरेल' चालणार नाही. मिठाचं प्रमाण बघा, रक्तदाबवाल्यांनी विशेष. तूप, काजू, चीज जास्त असलेली पाकिटं लवकर खवट होतात. ऑनलाइन मागवत असाल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने सांगून ठेवलंय की माल हातात पडताना त्याचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदतीआधीचे ४५ दिवस शिल्लक हवेत. आणि हो, गॅसचा डबा रेल्वेतही नेता येत नाही आणि विमानातही नाही, तो तिकडे गेल्यावरच घ्या. भरपूर चौकशी करावी, घाई करू नये, हे तर सगळेच सांगतात.

मे महिन्यात आम्ही दुसऱ्याकडची पाकिटं नेली. प्रत्येक खोक्यातलं एक फोडून, करून, खाऊन मगच. ती उत्तम निघाली. वस्तूला दोष नाही म्हणतो तो यासाठी.

पहिली खोकी सोसायटीच्या कपाटात राहिली. कपाट गच्चीच्या जिन्याखाली, वर पत्रा. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४४च्या आसपास जातो, पत्र्याखाली त्याहून वर. पाकिटावरची मुदत थंड, कोरड्या जागेसाठी असते. 'पंचवीस वर्षं टिकतं' हे परदेशी डब्यांवरचं वाक्य आपल्याकडच्या माळ्याला लागू नाही. मी हे सचिवांना लेखी दिलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्यापासून दक्षिण सोलापुरापर्यंत गावं पाण्यात, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद, हत्तूरजवळ विजापूरचा. सोसायटीतल्या उत्साही मंडळींनी ती खोकी मदतीच्या टेम्पोत चढवली. मी नको म्हटलं, 'मदतीत खोडा घालू नका' असं ऐकून घेतलं. माझी थोरली बहीण सीनाकाठच्या गावातली, ती तेव्हा शाळेत मुक्कामाला होती. तिच्या हातात नेमकं तेच पाकीट पडलं. तिने फोनवर विचारलं, "आरं, हितं प्यायला पाणी न्हाई, ह्यात कुठलं वतू?"

पत्रकावर 'आपत्कालीन' छापणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारला नसावा. खरं फ्रीज ड्राइड असतं तरी पाकिटाला तीनशे मिली चांगलं, तेही गरम पाणी लागलंच असतं. पुरात विहीर गढूळ, नळ बंद, चूल आणि सिलिंडर भिजलेले. पहिल्या दोन-तीन दिवसांना उघडून तसंच खाता येईल असं हवं. त्यासाठी रिटॉर्ट पाकिटं बरी. त्यात ओलं, शिजलेलं जेवण जाड फॉइलच्या थैलीत बंद करून १२१ अंशांच्या आसपास निर्जंतुक करतात. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी यावर पुष्कळ काम केलंय, १९८४ मध्ये राकेश शर्मांबरोबर अंतराळात गेलेलं भारतीय जेवणही तिथलंच. ही पाकिटं जड असतात, ट्रेकला नकोत, घरच्या साठ्याला चालतात. थैली फुगलेली दिसली तर न चाखता टाका.

आणि आपल्याकडे कडक भाकरी आहे. ज्वारीची, पापडासारखी वाळलेली, कोरडी ठेवली तर आठवडे टिकणारी. बरोबर शेंगाचटणी, गूळ, फुटाणे. ना पाणी, ना चूल. त्याच टेम्पोत महिला बचत गटाने दिलेली कडक भाकरीची पोती होती आणि ती पहिल्या तासात संपली, हे बहिणीनेच सांगितलं. तेव्हा घरच्या साठ्यात आधी पिण्याचं पाणी, माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून, मग न शिजवता खायचं, आणि फ्रीज ड्राइड सगळ्यात शेवटी.

पैसे अजून आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. त्या माणसाची विक्रीही चालू आहे आणि नमुना तो अजूनही उत्तमच पाठवतो, असं परवा बार्शीच्या एका ग्रुपने कळवलं. त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: माल आला की पोचपावतीवर सही करण्याआधी मधल्या खोक्यातलं एक पाकीट काढा, कानाजवळ नेऊन हलवा, आणि खुळखुळलं तर खोकी तिथल्या तिथे परत पाठवा.