श्रद्धा मावळल्यानंतरचे कर्तव्य

प्रश्न : मी पोलादपूर तालुक्यातील निवृत्त शिक्षक. जुलै २०२१ मधील तळियेची दरड आणि महाडचा पूर पाहिल्यापासून देवावरचा विश्वास उडाला. पूजा सुटली, दिवस रिकामा वाटतो. जगावे कशासाठी?

उत्तर : ज्या नित्यपूजेने आपल्या पहाटेला आजवर आकार दिला, ती सुटल्यावर मन सैरभैर व्हावे, हे स्वाभाविकच आहे, परंतु आपली ईश्वरनिष्ठा लोपली, ती माणसांविषयीची कळकळ तीव्र होती म्हणून, आणि ती कळकळ आजही शाबूत आहे. ईश्वराचे अस्तित्व न मानणारे समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर, दम्याने जर्जर असताही, १८९५ साली मृत्यू येईपर्यंत ‘सुधारक’ या आपल्या पत्रातून लोकशिक्षणाचे व्रत चालवीत राहिले. आपल्या शेजारच्या महाडात चवदार तळे अस्पृश्यांसह सर्वांस खुले करणारा नगरपालिकेचा १९२४ चा ठराव दप्तरी पडून होता. त्याचा अंमल २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या हजारो सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन स्वतःच केला.

म्हणून आपणही कृतीला लागा. पूजेच्या वेळी वाडीतील दोन मुलांना वाचायला बसवा. पावसाळ्यात डोंगरउतारावर भेगा पडलेल्या, झाडे कललेली किंवा झरे एकाएकी गढूळ झालेले दिसताच लोकांना सावध करून तहसील कचेरीस वर्दी द्या. घरच्यांच्या श्रद्धेचा अव्हेर करू नका. शिमग्याच्या पालखीत शेजाऱ्यांसोबत निःसंकोच चाला. झोप, भूक हरपली असेल, तर मात्र वैद्यकीय सल्ला अवश्य घ्या. जीवनाचा अर्थ आयता लाभत नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडता पडता तो आपणच घडवावयाचा असतो.