तुळजापूरच्या वाटेवरचे थांबे

सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर. कोजागरीला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी हा रस्ता रात्रभर चालत असतो. मी पहिल्यांदा निघाले ती २४ व्या वर्षी, सासूबाईंचा हात धरून. आता माझी सून माझ्याबरोबर असते. इतक्या वर्षांत चालण्याबद्दल थोडं आणि थांबण्याबद्दल पुष्कळ शिकले. तेच इथे लिहिते.

१. सोलापुरातल्या रूपाभवानीचं दर्शन घेऊन संध्याकाळी सहाला निघावं, त्याहून उशीर नको. म्हणजे हिप्परग्याच्या तलावापाशी पोचेपर्यंत चंद्र वर आलेला असतो. एकरुख असंही नाव असलेला हा तलाव १८७१ साली पुरा झाला, दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून. आमच्या सोलापूरला समुद्र नाही, पण आश्विनातल्या पौर्णिमेला हे भरलेलं पाणी पाहिलं की ती उणीव भासत नाही. इथे थांबायचं ते फक्त बघायला. खायला नाही.

२. चालणाऱ्यांसाठी घातलेल्या शहराजवळच्या मंडपांत पहिल्या तासाभरातच पोटभर खाऊ नये. चहा, केळी, उपमा, बुंदी, सगळं प्रेमाने पुढे येतं आणि पाय अजून ताजे असल्यामुळे भूकही लागल्यासारखी वाटते. पहिल्या वर्षी मी तीन ठिकाणी खाल्लं आणि उळे गावाच्या पुढे माझ्याने पाऊल उचलवेना. सासूबाई पदरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आल्या होत्या. त्यांनी अर्धी भाकरी थेट तामलवाडीला सोडली. तेव्हापासून आमच्या घरचा तोच रिवाज आहे.

३. दहा मिनिटांच्या वर बूड टेकायचं नाही. “पाय थंड पडले की परके होतात,” असं सासूबाई म्हणायच्या. बसण्याआधी उभ्यानेच पाणी प्यावं, पिंडऱ्या ताणाव्यात, मग बसावं. पाय चेपून देणारी मुलं वाटेवर ठिकठिकाणी असतात. त्यांच्याकडे जरूर जावं, पण तिथेच आडवं होऊ नये.

४. नवी चप्पल नको. अनवाणी चालायचा नवस असेल तर आधी महिनाभर घराजवळच्या कच्च्या रस्त्यावर सवय करावी. दिवसभर तापलेलं डांबर संध्याकाळीही चटकन निवत नाही. तळपायाला खोबरेल लावावं. फोड आला तर फोडू नये.

५. मंडपात लागेल तेवढंच घ्यावं. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एका वर्षी गुडघा सुजला म्हणून मी चालले नाही. उळ्याच्या अलीकडे एका मंडळाच्या मंडपात मसाला दूध वाटायला उभी राहिले. दहाच्या सुमाराला गर्दीचा लोंढा आला. तरुण पोरं दोन-दोन पेले घेत होती, अर्धे टाकून पुढे जात होती. आम्हीही हौसेने आग्रह करत होतो. बाराच्या पुढे पातेलं खरवडायची वेळ आली. आणि खरे दमलेले लोक आले ते त्यानंतर. विडीचं काम आटोपून निघालेल्या बायका, कडेवर लेकरू घेतलेली चांगली पाच-सहा जोडपी, काठी टेकत आलेले म्हातारे. कर्नाटकातून आलेल्या एक आजी मंडपात येऊन उभ्या राहिल्या. आमच्यातली एक जण “बर्री, कूड्री” म्हणाली, आजी बसल्या, आणि त्यांना द्यायला आमच्याकडे नुसतं पाणी होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, डोक्याला लावलं आणि मग प्यायल्या.

त्या रात्रीनंतर मी मंडपात आधी मागे वळून बघते. आपल्यामागून कोण येतंय ते दिसलं की हात आपोआप आखडतो. नको असेल तर हात जोडून “आई राजा उदो उदो” म्हणावं आणि पुढे जावं. वाढणाऱ्याला वाईट वाटत नाही, हे मी वाढणारीच्या जागी उभी राहून सांगते.

६. तामलवाडीला जवळपास अर्धी वाट सरते. सोलापूर जिल्हा मागे पडतो, धाराशिव सुरू होतो. इथून पुढचे मंडप विरळ, पण चहा अधिक गरम आणि बोलणं अधिक निवांत. मोठा थांबा घ्यायचा तर इथेच. रस्त्याकडेची तूर चांदण्यात काळसर दिसते, सोयाबीन काढलेल्या रानाचा वास येतो. अवजड गाड्या वळवलेल्या असतात, त्यामुळे चौपदरी रस्त्यावर नुसता पावलांचा आवाज.

७. दोन ते चार ही वेळ कठीण. झोप उभ्याने येते. तेव्हा मी देवीची आठवण काढते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि याच पौर्णिमेला पहाटे पुन्हा सिंहासनावर बसते. नऊ रात्री झुंजलेली आईसुद्धा विसावा घेते, तर आपण पाच मिनिटं दगडावर टेकलो तर त्यात कमीपणा कसला? मात्र सोबत जागी हवी. एकटीने रस्त्याकडेला डोळा लावू नये.

८. घाटात थांबू नये. बालाघाटाचा चढ हळू, पण एका दमात चढावा. रात्री उजव्या हाताला असलेला चंद्र इथे डाव्या हाताला आलेला असतो. वर पोचल्यावर मंदिराच्या पायऱ्या उतरायच्या असतात आणि दमलेल्या गुडघ्यांना चढापेक्षा तो उतार जड जातो. कठड्याला धरून उतरावं.

९. परतताना एसटी. जादा गाड्या सुटतात, जागा मिळते. चालत परत येण्याचा हट्ट आमच्यातल्या कुणी केला नाही.

२०२० साली मंदिरं बंद होती. त्या कोजागरीला आम्ही रूपाभवानीच्या बाहेरूनच हात जोडून घरी आलो. रस्ता रिकामा होता, एकही मंडप नव्हता. त्या वर्षी कळलं की मला तुळजापूरइतकीच ओढ या मंडपांची आहे.

म्हणून एक विनंती. दुसऱ्या दिवशी एसटीच्या खिडकीतून रस्ता बघा. दोन्ही कडांना कागदी पेल्यांचा आणि पत्रावळींचा खच पडलेला असतो, वारा तो तुरीच्या शेतांत नेतो. ज्यांच्या बांधावर आपण बसलो, त्यांनाच तो उचलावा लागतो. आमच्या घरची पाचही माणसं आता कमरेला स्टीलचा पेला बांधून निघतात. या कोजागरीला तुम्ही निघालात तर तुमचाही एक असू द्या.