नागलीची भाकरी का नको?

प्रश्न : माझी भाची नाशिकला असते. तिला सिलिॲक आजार असल्याचं गेल्या वर्षी कळलं आणि गहू कायमचा बंद झाला. आमच्या घोटीत भाताच्या गिरण्या आहेत, आजूबाजूच्या शेतांत नागली आणि वरई पिकते. हिला इथे खाण्यापिण्याची काय अडचण येणार, असं मला वाटलं होतं. पण हौसेने केलेली नागलीची भाकरी तिने हळूच बाजूला सारली. म्हणाली, "मामी, भातच वाढ." नागलीत गहू असतो का? की ही नुसतीच भीती?
– एक वाचक, घोटी

उत्तर : नागलीत गहू नसतो, आणि भाचीची भीतीही खोटी नाही. नागली कुठे दळून आणली ते तुम्ही लिहिलेलं नाही. भाचीच्या मनात नेमका तोच प्रश्न आला असणार.

गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नातला कस तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. मग कुणाला जुलाब होतात, कुणाची उंची खुंटते, तर कुणाचं वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. यावर अजून औषध नाही. ग्लूटेन जन्मभर टाळणं हाच उपचार, आणि तो नीट पाळला तर आतडं बहुधा पुन्हा सावरतं.

आता भाकरीकडे येऊ. घोटीत दोन तऱ्हेच्या गिरण्या आहेत. भाताच्या गिरणीत फक्त भात सडला जातो, म्हणून तिथला इंद्रायणी तांदूळ निवडून, धुऊन भाचीला निर्धास्त वाढावा. पिठाच्या गिरणीत मात्र त्याच दगडांवर दिवसभर गहू पडतो. तुमची नागली त्यानंतर पडली तर दगडांत, पिठाच्या वाटेत आणि खालच्या डब्यात राहिलेली कणीक तिच्यात मिसळते.

एवढ्याशा कणकेने काय होणार, असं वाटेल. हिशेब करून पाहा. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. कणकेत वजनाच्या साधारण आठ टक्के ग्लूटेन धरलं, तर किलोभर नागलीत मिसळलेल्या पाच ग्रॅम कणकेतून, म्हणजे जेमतेम चमचाभरातून, ४०० मिलिग्रॅम येतं. मर्यादेच्या वीसपट! अशा पिठाच्या दोन भाकऱ्यांतून ८० मिलिग्रॅम पोटात जातं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली होती. पोट त्याच दिवशी दुखेलच असं नाही, त्यामुळे 'खाल्लं तरी काही झालं नाही' यावर विसंबू नये.

भाकरी चांगली भाजली, आमटी खळाखळा उकळली तरी उपयोग नाही. ग्लूटेन म्हणजे जंतू नव्हे. ते तव्यावर मरत नाही, निर्जंतुक करणाऱ्या साबणानेही नाही. ते घासून, धुऊन काढूनच टाकावं लागतं. म्हणून भाचीसाठी तवा वेगळा ठेवा. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत कणीक अडकून बसते, तीही वेगळीच हवीत. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात तिचे साबुदाणावडे तळू नयेत. पोळ्या लाटताना पीठ हवेत उडून शेजारच्या भांड्यांवर बसतं, तेव्हा तिचा स्वयंपाक आधी उरकून झाकून ठेवावा.

डब्यांकडेही एकदा बघा. मऊ भातावर मेतकूट घालायचा मोह होईल, पण पारंपरिक मेतकुटात गहू भाजून घालतात. थालिपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी गहू असतो. सातूचं पीठ जवाचं असो वा गव्हाचं, दोन्ही वर्ज्य. कुरडया गव्हाच्या, शेवयाही बहुधा गव्हाच्याच. बाजारातल्या डबीबंद हिंगात बरेचदा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे डबीवरचे घटक वाचल्याशिवाय फोडणी करू नका. माल्ट घातलेली दुधातली पावडर जवापासून होते. आणि 'खपली गहू जुना, म्हणून चालतो' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. खपलीतही ग्लूटेन असतंच.

मग भाकरी कायमची गेली का? नाही. घरात घरघंटी किंवा जातं असेल आणि त्यावर गहू कधीच पडला नसेल, तर नागली निवडून, धुऊन, वाळवून त्यावर दळा. ते नसेल तर तांदूळ रात्री भिजवून सकाळी स्वच्छ मिक्सरमध्ये वाटा आणि तिच्या तव्यावर घावन घाला. पिठाची गिरणी वाटेत येतच नाही. बेसनही गिरणीतून आलेलं असतं, म्हणून पिठल्याऐवजी मटकी किंवा चवळी निवडून उसळ करा. एकादशीचं ताट तर तिच्यासाठीच मांडल्यासारखं आहे : वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. राजगिऱ्याचं आणि शिंगाड्याचं पीठ मात्र नागलीच्याच नियमात बसवा.

गहू हाच दोषी, हे जगाला उशिरा कळलं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकापासून तसा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि याच आजाराची मुलं सुधारू लागली. पाव परतला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हावरचा हा आरोप मांडला. आपल्याकडे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सिलिॲकचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. या आजाराला पोषक जनुकं तिन्ही भागांतल्या लोकांत होती. उत्तरेत गहू कितीतरी जास्त खाल्ला जातो, हा फरक मात्र उघड होता. भाताच्या मुलखातही आता रोज पोळी आणि पाव-बिस्किटं आली आहेत, तेव्हा 'हा आजार आपल्याकडचा नाही' असं म्हणून चालणार नाही.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. हा आजार घराण्यात चालतो. रुग्णाच्या आईवडिलांत, भावंडांत आणि मुलांत तो सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, साधारण सात-आठ टक्के असते, आणि त्यांतल्या काहींना कसलाच त्रास जाणवत नाही. भाचीची आई, म्हणजे तुमची नणंद, आणि भाचीची भावंडं यांची तपासणी झाली आहे का, ते विचारा. सुरुवात टीटीजी-आयजीए या रक्तचाचणीने होते, गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. मात्र चाचणी होईपर्यंत कुणीही गहू सोडू नये. आधीच सोडला तर रक्तातल्या खुणा पुसल्या जातात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.