पत्ता पाठवावा कसा?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील एका विद्यार्थ्यास रात्रीं एकाएकीं सडकून ताप भरला. त्याचे वडील गलाईच्या व्यवसायानिमित्त तामिळनाडूंत असतात. डॉक्टरांस बोलावून आम्हीं नोंदवहींतील क्रमांकावर दूरध्वनि केला, तों पलीकडून आम्हांस न समजणाऱ्या भाषेंत कोणी भलतेच गृहस्थ बोलूं लागले. पुन्हां केला, पुन्हां तेंच. अखेर मुलाच्या चुलत्यांस गांठून खरा क्रमांक मिळवावा लागला, व यांत दीड तास गेला. मुलगा दोन दिवसांत बरा झाला. सकाळीं वही पाहिली तेव्हां उलगडा झाला. वडिलांनीं चिठ्ठीवर लिहिलेला ९ उतरून घेतांना आम्हींच तो १ वाचला होता.

विट्याच्या वाचकांस या दीड तासाचें मोल निराळें सांगावयास नको. खानापूर-आटपाडी हा अवर्षणाचा टापू. येथील कित्येक कुटुंबें सोनें-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठीं देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगलीं आहेत. मूस आणि भट्टी परमुलुखांत, म्हातारे आईबाप व शिकणारीं मुलें येथें, अशी कित्येकांची गृहस्थी. मधला सारा व्यवहार एका पत्त्यावर व एका क्रमांकावर अवलंबून असतो. म्हणून पत्ता हातानें न उतरतां जशाचा तसा दुसऱ्यापर्यंत कसा पोंचवावा, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

छापील व्हिजिटिंग कार्ड आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तें हातीं आलें तरी त्यावरील मजकूर कोणी तरी उतरून घ्यावाच लागतो, आणि चूक शिरते ती तेथेंच. इलेक्ट्रॉनिक कार्डांत ही उतरून घेण्याची पायरीच नाहीं. त्याचा नमुना अ‍ॅपल, आयबीएम, एटी अँड टी व सीमेन्स या कंपन्यांच्या 'व्हर्सिट' नामक संघानें १९९५ च्या सुमारास सिद्ध केला. त्यास व्हीकार्ड म्हणतात, व त्याची फाईल व्हीसीएफ या अक्षरांनीं ओळखिली जाते. पुढें १९९८ व २०११ सालीं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या.

या फाईलींत गूढ असें कांहीं नाहीं. ती साध्या अक्षरांचीच बनलेली असते. पहिल्या ओळींत कार्ड सुरू झाल्याची खूण, शेवटच्या ओळींत संपल्याची, आणि मध्यें नांव, दूरध्वनि, ईमेल, पत्ता, व्यवसाय यांस एकेक ओळ. ओळीच्या आरंभीं ती कशाची आहे हें सांगणारा ठराविक शब्द असतो. त्यामुळें मोबाइल कोणत्याही कंपनीचा असो, क्रमांक क्रमांकाच्या जागीं व पत्ता पत्त्याच्या जागीं बसतो. नांवाच्या ओळीचे पांच कप्पे आहेत: आडनांव, स्वतःचें नांव, मधलें नांव, आणि मागील व पुढील उपपदें. नमुना परदेशांत झाला खरा, परंतु वडिलांचें नांव मध्यें घालण्याचा आपला रिवाज त्यांत बेमालूम बसतो. एकाच गल्लींत एकाच नांवा-आडनांवाचे तिघे असले, तर हा मधला कप्पाच त्यांस वेगळें करतो. तो विद्यार्थ्यांनीं अवश्य भरावा.

पत्त्याच्या ओळींतही गांव, राज्य, पिनकोड व देश यांस स्वतंत्र कप्पे आहेत. पिनकोडाची सहा आंकडी पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. ती आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ सरकारी अधिकारी होते आणि संस्कृत कविही होते. विट्याचा पिनकोड ४१५३११. आरंभींचे ४१५ पाहून एखादा म्हणेल, हा तर साताऱ्याचा! सांगली शहराचा ४१६ नें सुरू होतो. आमचा भाग १९४९ सालीं साताऱ्यापासून निघून दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेला, व त्या जिल्ह्यासच १९६० पासून सांगली हें नांव आहे. टपालाच्या हिशेबीं मात्र आम्ही अद्याप सातारकरच.

पाठविण्याची कृति सोपी. मोबाइलमधील संपर्कांच्या यादींत स्वतःचें नांव उघडावें, कप्पे भरावेत, 'शेअर' या खुणेवर बोट ठेवून ईमेल निवडावें. फाईल पत्रास आपोआप जोडली जाते. घेणाऱ्यानें ती उघडून आपल्या यादींत जतन केली कीं झालें. क्रमांकाआधीं अधिक चिन्ह व ९१ लिहावें, म्हणजे देशाबाहेरील नातलगासही तोच उपयोगी पडतो. जुन्या यंत्रांत देवनागरी नांवाचीं कधीं कधीं निरर्थक चिन्हें होतात, तेव्हां नांव नीट पोंचलें ना, हें विचारून घ्यावें.

यंत्र उतरतांना चुकत नाहीं. पण मुळांतच चूक असेल तर तीच तें इमानेंइतबारें शंभर जणांकडे पोंचवितें. म्हणून कार्ड धाडण्यापूर्वीं त्यांतील क्रमांक दुसऱ्या मोबाइलवरून एकदां लावून पाहावा. शिवाय ईमेलनें धाडलेलें कार्ड मागाहून आपोआप बदलत नाहीं. क्रमांक बदलल्यास नवें कार्ड धाडावें लागतें, आणि सोडलेला क्रमांक कालांतरानें दुसऱ्या ग्राहकास मिळूं शकतो, हेंही ध्यानांत असावें.

येथें पालकांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कार्ड ओळख सांगतें, पटवीत नाहीं. कोणीही कोणाचेंही नांव घालून फाईल करूं शकतो. संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत फीबी नामक भगिनीची ओळख करून दिली आहे. तेथें वजन होतें तें पौलाच्या शब्दाचें. गलाईच्या धंद्यांतही नवख्याच्या हातीं सोनें देण्यापूर्वीं तो कोणत्या गांवचा, कोणाचा, हें विचारतातच. अनोळखी ईमेलमधून आलेल्या कार्डाबाबत तेवढीच चौकशी करावी, व पैशाचा विषय निघाल्यास आधीं ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. तसेंच, मोबाइलमधील सगळी यादी एका दमांत धाडतां येते म्हणून कोणी ती धाडूं नये. तींतील पत्ते आपले नव्हेत.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं दिवाळीनंतर आम्हांस ईमेलनें कार्ड धाडलें. नांव देवनागरींत, पत्ता तामिळनाडूचा, आणि टिपणाच्या जागीं आपल्या गांवाचें नांव. कार्ड जतन करून आम्हीं तेथल्या तेथें क्रमांक लावला. दोनच घंटा वाजल्या, आणि पलीकडून आवाज आला, "बोला सर."