सेन्सर बदलाच्या पयले

हे पाय लेका, काटा लाल पट्टीत जाते म्हणून गिऱ्हाईक आलं, त लगेच अकोल्याहून कूलंटच्या तापमानाचा सेन्सर मागवू नोको. गाडी खरंच तापली का, हे पयले पायजो. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 वर जाते. रेडिएटरात पाणी कमी असलं त तापनच. टोपण थंड इंजिनावरच उघडजो. पाणी उतरून सेन्सर हवेत राहिला त तो भलताच आकडा सांगते, त्यात त्याचा दोष नाही.

अन् पाणी कोणतं टाकलं तेही इचार. आपल्या तेल्हारा तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येते, अन् बोअरचं पाणी रेडिएटरात टाकणारे अजून हायेत. सेन्सरच्या टोकावर क्षार चढला का तो उशिरा बोलते. तेच पाणी गयून सॉकेटात शिरलं त पिना हिरव्या होतात. कितीक 'बाद' सेन्सर निस्त्या पिना घासून चालू होतात, बाप्पा.

स्कॅनर सकायी लावजो. रातभर उभ्या गाडीत कूलंट अन् आत जाणारी हवा, दोन्हीचं तापमान जवयपास सारखं दिसाले पायजे. हवा 28 अन् कूलंट उणे 40 दिसलं, त तार तुटली नाही त प्लग निघाला. उणे 40 तेल्हाऱ्यात कवा होते? पण इंजिनले ते खरं वाटते, अन् गाडी पेट्रोल ढोसते. पी-0118 कोड येते तो हाच. पी-0117 आला त कुठं तरी शॉर्ट हाय. कोड साऱ्या सर्किटचा असते, एकट्या सेन्सरचा नाही. लोक इथंच पैसे घालवतात.

मंग प्लग काढ, चाबी ऑन कर, अन् दोन पिनांत व्होल्ट मोज. 5 च्या आसपास आले त तारा ठीक. नाही आले त मीटरचं कायं टोक बॅटरीच्या निगेटिव्हले लाव. आता आले त अर्थिंगची तार गेली. तरी नाही आले त ईसीयूकडून येणारी तार पाय.

तारा ठीक निघाल्या त सेन्सर काढून पाण्यात तापव. बहुतेक सेन्सर 20 अंशाले 2 ते 3 किलोओहम दाखवतात, 80 ले 300 ओहमच्या आसपास. ओहम हयूहयू उतरला पायजे. मधातच उडी मारली त सेन्सर बाद. कंपनीचा तक्ता भेटला त तोच खरा.

जुन्या काट्याच्या गाडीले एकच तार असते. ती काढली का काटा थंडीकडं जाते, बॉडीले टेकवली का गरमीकडं. क्षणभरच टेकवजो, मीटर जयते.

सुई टोचून तार तपासू नोको, त्या भोकातून पाणी शिरते. मीटरची पिन सॉकेटच्या मागून सरकव. अन् गाडी कापसाच्या गंजीपाशी उभी राहत असली, त इंजिन चालू ठेवून वायरिंग हातानं हलव, पण पंख्यापासून हात दूर. आकडा उड्या माराले लागला त तिथंच टेप सोड. उंदरानं कुरतडलेली तार सापडन.