डॉ. शार्लट फ्रेंड आणि वाट चुकलेली पेशी

कर्करोगाच्या पेशी नष्ट करणे हाच एक उपाय, असे डॉक्टर पुष्कळ वर्षे मानत आले. अशा पेशीला पुन्हा वळणावर आणता येईल काय, हा प्रश्न प्रयोगाने पुढे आणणाऱ्यांत न्यू यॉर्कच्या डॉ. शार्लट फ्रेंड या यहुदी विदुषी होत्या.

त्यांचा जन्म १९२१ सालचा. आईवडील रशियातून आलेले. शार्लट तीन वर्षांची असताना वडील वारले व घरी गरिबी आली. तरीही त्यांनी १९५० साली येल विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली.

उंदरांना होणारा एक प्रकारचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, विषाणूमुळे होतो असे त्यांनी १९५६ साली एका परिषदेत सांगितले. अनेक तज्ज्ञांनी ते मानले नाही. पुढे इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा खात्री पटली. आज तो ‘फ्रेंड विषाणू’ म्हणून ओळखला जातो.

१९६६ साली त्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलमध्ये आल्या. ज्या इस्पितळातून हे विद्यालय निघाले, ते १८५२ साली ‘ज्यूज हॉस्पिटल’ या नावाने स्थापन झाले होते.

आपल्या हाडांतील मगजात कोवळ्या पेशी वाढून तांबड्या रक्तपेशी होतात. ल्युकेमियात पेशी कोवळ्याच राहतात आणि नुसत्या वाढत सुटतात. उंदरांच्या अशा पेशींत डॉ. फ्रेंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाचे द्रव्य घातले. पेशी हिमोग्लोबिन तयार करू लागल्या, आणि त्यांची रोग उत्पन्न करण्याची शक्ती कमी झाली. हा शोध १९७१ साली प्रसिद्ध झाला.

हेच द्रव्य माणसांसाठी औषध ठरले असे नव्हे. परंतु पेशीला प्रौढ करण्याचा विचार वाया गेला नाही. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एके काळी अति घातक रोग. आता ‘अ’ जीवनसत्त्वापासून केलेल्या औषधाने त्यातील पेशी प्रौढ होतात, आणि त्याला इतर औषधांची जोड दिल्याने बहुतेक रोगी बरे होतात. इतर बहुतेक कर्करोगांत मात्र शस्त्रक्रिया, किरण व पेशीनाशक औषधे यांवाचून अजून चालत नाही.

डॉ. फ्रेंड यांनाही पुढे लिम्फोमा हा कर्करोग झाला. आजारातही त्यांनी काम सोडले नाही. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

तेशुवा या शब्दाचा मूळ अर्थ परत फिरणे असा आहे. वाट चुकलेल्या माणसाला परतीचा मार्ग असतो, हे आपण दर योम किप्पूरला स्मरतो. वाट चुकलेल्या पेशीलाही तो कधी कधी असतो, हे या बाईंनी दाखविले.