सेवेला शिक्षण कशाला? एम.एस.डब्ल्यू. अभ्यासक्रमाची ओळख



आमच्या केंद्राला भेट द्यायला निरनिराळ्या मंडळ्यांमधून पाहुणे येतात. पाडे पाहतात, वसतिगृहातल्या मुलांबरोबर जेवतात आणि निघताना पुष्कळदा एक प्रश्न विचारतात : "आमच्या दानातून तुम्ही एका मुलीला एम.एस.डब्ल्यू.ला पाठवलंत. त्या पैशात किती घरांना ब्लँकेटं मिळाली असती! गरिबाला मदत करायला पदवी लागते का?"

प्रश्न रास्त आहे आणि दान देणाऱ्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. मी स्वतः हा अभ्यासक्रम केला आहे आणि जव्हार-मोखाड्याच्या भागात क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना बारा वर्षे मार्गदर्शन करते आहे. म्हणून या अंकात हे शिक्षण म्हणजे नेमके काय, ते सांगण्याचा प्रयत्न करते.

हे शिक्षण आले कोठून?

आपल्या देशात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले ते 1936 साली, मुंबईत. संस्थेचे नाव होते सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. 1944 मध्ये तिचे नाव बदलले आणि आज आपण तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते. नागपाड्याच्या दाट कामगार वस्तीत त्यांनी 'नेबरहूड हाऊस' चालवले होते. तेथे काम करताना त्यांना जाणवले, की चांगल्या मनाची माणसे पुष्कळ आहेत, पण वस्तीतली गरिबी कशातून येते हे समजून घेऊन काम करणारी थोडी आहेत. शाळेची कल्पना त्यातून पुढे आली.

पुढे 1955 मध्ये मुंबईत ख्रिस्ती भगिनींनी निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. 1963 मध्ये पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था आली. आज राज्याच्या बहुतेक भागांत हा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. म्हणजे मिशनच्या सेवेला हे शिक्षण परके नाही. सेवा करता करता पडलेल्या प्रश्नांतूनच त्याची एक शाखा फुटली आहे.

दोन वर्षांत काय शिकतात?

कोणत्याही शाखेचा पदवीधर सहसा या अभ्यासक्रमाला जाऊ शकतो. दोन वर्षे, चार सत्रे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, शासकीय योजना हे विषय असतातच. त्यांच्याबरोबर कामाच्या सहा पद्धती शिकवतात : एका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबर करायचे व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती.

पण या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो. तो रुग्णालयात, वस्तीत, बालगृहात किंवा आमच्यासारख्या केंद्रात असतो. काय पाहिले, कोण काय बोलले, आपण काय केले, हे सगळे त्याला लिहून द्यावे लागते. मार्गदर्शक ते वाचतो आणि समोर बसवून प्रश्न विचारतो. डॉक्टर जसा रुग्णाच्या खाटेपाशी घडतो, तसा समाजकार्यकर्ता या अहवालांमधून घडतो.

ऐकण्याची तत्त्वे

फेलिक्स बिस्टेक नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी 1957 साली व्यक्तिसहाय्य कार्यातील नात्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात मांडलेली सात तत्त्वे आजही शिकवली जातात. सोप्या भाषेत ती अशी : प्रत्येक माणसाला वेगळा माणूस म्हणून पाहावे. त्याला मनातले बोलू द्यावे. आपल्या भावना आवरून त्याच्या भावना समजून घ्याव्यात. तो जसा आहे तसा त्याला स्वीकारावे. दोषी की निर्दोष असा निवाडा करू नये. स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा त्याचा हक्क मानावा. आणि त्याने सांगितलेले गुपित राखावे.

वाचायला ही तत्त्वे सोपी आहेत. पाड्यावर ती किती कठीण होतात, याचे एक उदाहरण देते.

एका पाड्यावर दीड वर्षाचे मूल अशक्त होते. अंगणवाडी सेविकेने दंडाला पट्टी लावली. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला सांगितले. तेथे आईने मुलाबरोबर सुमारे चौदा दिवस राहायचे असते. आई गेली नाही. आमच्याकडे आलेल्या विद्यार्थिनीने अहवालात लिहिले : "आई निष्काळजी आहे. समजावूनही ऐकत नाही."

मी तिला विचारले, "निष्काळजी आहे हे तू पाहिलंस, की तुला वाटलं? ती काय बोलली ते कुठे लिहिलंस?" अहवालात आईचे एकही वाक्य नव्हते.

पुढच्या खेपेला ती विद्यार्थिनी समजवायला गेली नाही. आईबरोबर नाचणी निवडत बसली. तासाभराने बाई आपणहून बोलू लागली. घरात आणखी दोन लहान मुले होती. नवरा वीटभट्टीवर. शेळी व्यायला आलेली. आणि एक भीती : शेजारच्या पाड्यातले एक मूल रुग्णालयात नेले होते, ते परत आलेच नव्हते. यातले काहीही निष्काळजीपणाचे नव्हते. उलट ती चारही बाजूंनी काळजी करत होती.

तेथे राहणाऱ्या आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. विद्यार्थिनीने ते सांगितले आणि थांबली. "तुम्ही गेलंच पाहिजे" असे म्हटले नाही. "काय झालं तर तुम्हाला जाता येईल?" एवढेच विचारले. मार्ग बाईनेच काढला. माहेरची बहीण येऊन राहिली, शेळी जावेने सांभाळली. तिसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन निघाली, तेव्हा बरोबर विद्यार्थिनीही होती. मूल वजनाने वाढून घरी आले.

ब्लँकेट देताना आपण काय हवे ते आधीच ठरवलेले असते. पावसात घर कोसळले तर त्या रात्री ब्लँकेटच हवे, त्यात वाद नाही. पण या घराला ब्लँकेट नको होते. काय हवे होते ते ऐकण्यासाठी शिकलेला कान लागला.

हक्काचे काम

दुसरा भाग कायद्याचा. वनहक्क कायदा 2006 चा. त्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला त्या जमिनीवर हक्क सांगता येतो. दावा ग्रामसभेकडे येतो, वनहक्क समिती पडताळणी करते, मग तो उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुराव्यात सरकारी कागदच हवा असे नाही. जुना बांध, विहीर, घराचा चौथरा, गावातल्या वयस्क माणसाचा लेखी जबाबही चालतो. दावा फेटाळला तर साठ दिवसांत अपील करता येते.

एका पाड्याचे काही दावे 'पुरावा अपुरा' म्हणून परत आले. दोन विद्यार्थी उत्साहाने म्हणाले, "ताई, आम्ही दोन दिवसांत सगळे अर्ज लिहून देतो." त्यांना ते सहज जमले असते. पण समुदाय संघटनाचा पहिला धडा असा, की लोकांना जमण्यासारखे काम आपण करू नये. विद्यार्थ्यांनी मग समितीची बैठक बोलावली. म्हाताऱ्यांना शेतावर नेले. त्यांनी बांध दाखवले, आजोबांनी लावलेले आंबे दाखवले. पाड्यातल्याच दहावी शिकलेल्या दोन मुलांनी जबाब लिहून घेतले. दोन दिवसांचे काम सात आठवडे चालले. दावे अजून उपविभागीय समितीपुढे आहेत. पण मागच्या महिन्यात डोंगरापलीकडचे लोक आपले कागद घेऊन आले, ते आमच्या केंद्रात नव्हे, त्या पाड्यावर, त्या दोन मुलांकडे.

हीच ताकद या भागाने पूर्वीही दाखवली आहे. तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगते, की इथली माणसे मुकी नाहीत.

आदिवासी मुलांनीच का?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातली गोष्ट आपल्या परिचयाची आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली. मंडळीने सात जण निवडले, आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती काम सोपवले गेले, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

आमच्या केंद्रातून शिकायला गेलेली मुलगी वारली आहे. ती पाड्यावर बोलते तेव्हा दुभाषा लागत नाही. रुग्णालयात ती आईच्या बाजूने उभी राहते आणि डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलते. बाहेरून आलेला कार्यकर्ता कितीही चांगला असला तरी एक दिवस जातो. ती तेथलीच आहे.

तिची वाट सोपी नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वयं योजना आहे. पण जात वैधता प्रमाणपत्रासाठी खेटे घालावे लागतात, आणि शिष्यवृत्ती वेळेवर हाती पडेलच असे नसते. मधल्या महिन्यांची खानावळ, खोलीभाडे, क्षेत्रकार्याचा बसप्रवास, प्रबंधाची छपाई, या खर्चापायी मुले दुसऱ्या वर्षाला घरी परततात. आपले दान तेथे कामी आले.

यंदा दुसरा अर्ज आला आहे. मुलगा कातकरी कुटुंबातला. आईवडील उचल घेऊन भट्टीवर जात, त्यामुळे त्याची शाळा कितीदा तरी सुटली. तरी तो पदवीधर झाला, त्याच्या वाडीतला पहिला. थंडीतल्या वाटपाचा आणि त्याच्या खर्चाचा निधी एकाच पेटीतून यायचा आहे, आणि पेटीत दोन्हीपुरते नाही. जूनपूर्वी आमच्या समितीला ठरवावे लागेल. माझे मत वरच्या परिच्छेदांतून तुम्हाला कळलेच असेल. तुमचेही आम्हाला ऐकायचे आहे.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

1. गेल्या वर्षी आपण कोणाला मदत केली? देण्यापूर्वी त्यांना काय हवे ते विचारले होते का?
2. 'ऐकत नाही' असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, त्यांचे स्वतःचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे का?
3. आपल्या मंडळीच्या सेवाकार्यात निर्णय घेणाऱ्यांमध्ये, ज्यांच्यासाठी ते काम चालते त्यांच्यापैकी किती जण आहेत?